वरचा आकडा, खालचा आकडा

मित्रांनो, दोरीवर कपडे वाळत घालायचा चिमटा तुमच्या ओळखीचा असेल. माझा जबडा अगदी तसाच आहे. फक्त माझ्या तोंडात दात नाहीत, मऊ रबराची गादी आहे आणि टाळूला एक लाल दिवा आहे. मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. माणसाने माझ्या तोंडात बोट घातले की माझा उजेड नखातून, मांसातून आरपार जातो आणि त्याच्या रक्तात प्राणवायू किती आहे ते मला कळते. तो आकडा मी वर दाखवतो. त्याच्या खाली दुसरा आकडा असतो. हृदय मिनिटाला किती ठोके देते, तो.

माणसांचे बोलणे मला ऐकू येते. पण त्याच्याही आधी मला रक्त ऐकू येते. ज्याचे बोट माझ्या तोंडात असते तो हसत असो वा रडत असो, आतले रक्त आपल्या चालीने चाललेले असते. ती चाल नेहमी चेहऱ्याशी जुळते असे नाही. माझ्या आयुष्यातली सगळी भीती या न जुळण्यात आहे.

माझा जन्म एका लांबलचक, बिनखिडक्यांच्या दालनात झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बाया ओळीने बसून आमच्या पोटात तारा बसवत. शेवटच्या टेबलावर चाचणी घेणारी एक बाई होती. ती प्रत्येकाच्या तोंडात आपले बोट घाली, आकडा बघे आणि "चला, पुढचा" म्हणे. वर अठ्ठ्याण्णव, खाली चौऱ्याहत्तर. मी ऐकलेली ती पहिली नाडी. मला वाटले, सगळी माणसे आतून अशीच असतात.

तिथून मी एका औषधांच्या दुकानात आलो. काचेच्या कपाटात, गरम पाण्याच्या पिशव्या आणि कुबड्यांच्या शेजारी, दोन वर्षे पडून राहिलो. कुणी ढुंकून बघितले नाही. मग ती साथ आली. काचेतून दिसणारा रस्ता एके दिवशी ओस पडला. चौकातला सिग्नल मात्र बदलत राहिला. लाल, पिवळा, हिरवा. थांबायला कुणी नाही आणि निघायलाही कुणी नाही. भर दुपारी अॅम्ब्युलन्स जात, पण त्यांनी भोंगा वाजवणे सोडून दिले होते. वाट अडवायला होते कोण?

मग लोक येऊ लागले. अर्धे चेहरे झाकलेले, डोळे ताणलेले. सगळे माझेच नाव घेत. चार दिवसांत माझे सगळे भाऊबंद गेले. मी शेवटचा उरलो.

"सांभाळून वापरा," दुकानदार मला एका माणसाच्या हातात देत म्हणाला, "आता हा शोधून मिळायचा नाही."

तो माणूस वजनकाट्यावर काम करायचा. ट्रक यायचे, लोखंडी फळीवर उभे राहायचे आणि हा खिडकीत बसून त्यांचे वजन लिहायचा. घरी त्याला सगळे बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणेन. बाबांचे एक ठरलेले वाक्य होते. "ड्रायव्हर शंभर गोष्टी सांगतो. काटा एकच सांगतो, आणि तीच खरी असते."

घरात आई होती, शिवणकाम करणारी. त्यांची बारा वर्षांची मुलगी होती. एका जागी बसणे तिला माहीत नव्हते, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आणि वरच्या मजल्यावरच्या एकाच खोलीत बाबांचे थोरले भाऊ राहत, भिंगरीचे काका. ते बेकरीत भट्टीवर कामाला होते. लग्न केले नव्हते. "भट्टीशीच संसार केला," असे म्हणून स्वतःच हसायचे.

मी घरी आलो तेव्हा काका आणि भिंगरी, दोघांच्याही तपासणीत कोरोना निघाला होता. काका वर, भिंगरी मागच्या खोलीत. दोन्ही दारे बंद. दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवायचे, दार वाजवायचे आणि मागे सरकायचे. आत पावले वाजायची, ताट आत जायचे. घरात माणसे होती, पण घर रिकामे असल्यासारखे वाटायचे.

भिंगरीला दोन दिवस ताप होता, थोडा खोकला. आईने लहान मुलांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

"तापाला तापाचं औषध, भरपूर पाणी आणि आराम," डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्टेरॉइड नाही, अँटिबायोटिक नाही. आणि मोबाइलवर फिरणारी ती गोळ्यांची यादी तर मुळीच नाही. श्वास लागला, खाणंपिणं सोडलं, गुंगी आली तर मात्र मला फोन करत बसू नका, थेट घेऊन या. आणि हो, बरी झाल्यावर महिना-दीड महिना लक्ष ठेवा. परत ताप आला तर मला कळवा."

बाबांनी शेजारच्यांनी पाठवलेली ती यादी पुसून टाकली. मला भिंगरीच्या खोलीत धाडले. तिने नखांना गडद निळा रंग लावला होता. माझा उजेड त्यातून जाईना, मी भलतेच काही दाखवले. आई दाराबाहेरून ओरडली, "आधी तो रंग पूस!" रंग पुसल्यावर मी तिचे रक्त पहिल्यांदा ऐकले. ते पायऱ्यांवरून उड्या मारत खाली येणाऱ्या पोरासारखे होते. वर अठ्ठ्याण्णव. बाबांनी कागदावर अठ्ठ्याण्णव लिहिले. खालचा आकडा त्यांनी लिहिला नाही. तो कशाला असतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

आठवड्याभरात भिंगरी ठणठणीत झाली. काका झाले नाहीत.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. बाबा नाकातोंडाला रुमाल बांधून मला पहिल्यांदाच वर घेऊन गेले. काका खाटेवर मांडी घालून बसले होते.

"कैदी पळाला का बघायला आलास?" काका म्हणाले.

"कसं वाटतंय, दादा?"

"एकदम झकास. तीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे मी. हा ताप म्हणजे कोमट पाणी." मग हसत पुढे म्हणाले, "अरे, आमचा मालक फोनवर रडत होता. त्याला म्हणे चव कळत नाही. मी म्हटलं, आपले पाव खाणाऱ्यांना तरी कधी कळत होती?"

बाबा खो खो हसले. तेवढ्यात काकांचे भाजून राठ झालेले बोट माझ्या तोंडात आले आणि मी दचकलो. आतले रक्त काळवंडले होते, डबक्यात साचून राहिलेल्या पाण्यासारखे. ते हळूहळू, चाचपडत येत होते. आणि वर तो माणूस हसत होता. मी दाखवले, शहात्तर.

बाबांचे हसू मध्येच थांबले. त्यांनी मला टिचकी मारली. स्वतःच्या बोटाला लावले, अठ्ठ्याण्णव. पुन्हा काकांच्या बोटाला, पंचाहत्तर.

"बिघडलंय वाटतं," बाबा म्हणाले. "इतका हसतोय माणूस."

"नवीन आहे ना, लाजतंय," काका म्हणाले.

बाबा खाली गेले. तीन तास गेले. दोन वाजता ते पुन्हा वर आले तेव्हा काका बोलतच होते, पण वाक्ये अर्धी अर्धी येत होती. ओठांवर निळसर छटा होती. मग धावपळ झाली. नखशिखांत पांढरे कपडे घातलेली, चेहरेच नसलेली दोन माणसे आली आणि त्यांनी काकांना उचलून नेले. जिन्यातून जाताना काकांनी भिंगरीच्या खिडकीकडे हात हलवला. पाचव्या दिवशी काका गेल्याचा फोन आला. त्यांना शेवटचे पाहायलाही घरातल्या कुणाला मिळाले नाही.

"काटा खरं बोलत होता," बाबा आईला म्हणाले. "मी ड्रायव्हरचं ऐकलं. परत असं होणार नाही. इथून पुढे आकडा म्हणेल तेच खरं."

मित्रांनो, कुणी आपल्यावर इतका विश्वास टाकला की आनंद व्हावा. मला का कोण जाणे, गारठल्यासारखे झाले.

पुढची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. काकांची खोली धुऊन पुसून रिकामी केली होती. खाटेवर गादीही नव्हती. मी खिडकीच्या कट्ट्यावर तसाच राहून गेलो होतो. भर दुपारी भिंगरी वर आली. तिने मला हातात घेतले, बटण दाबले आणि रिकाम्या जबड्यानेच परत कट्ट्यावर ठेवले. वारा होता. पडदा हलत होता आणि ऊन माझ्या तोंडात येत-जात होते. एरवी बोट नसले की मी दहा सेकंदांत विझतो. त्या दिवशी विझलो नाही. माझ्या रिकाम्या तोंडावर आकडे उमटले. वर ब्याण्णव, खाली सत्तर. आणि खालचा आकडा स्थिर होता, कुणीतरी शांतपणे बसल्यासारखा.

भिंगरी बराच वेळ बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "काका?"

पडदा थांबला. मी विझलो. हलणाऱ्या उजेडाने मला फसवले असणार, हे मला कळते. मी यंत्र आहे. तरी ती नाडी मला अजून आठवते, आणि ती कुणाची होती हे मला आजही सांगता येणार नाही.

काकांना जाऊन तीन आठवडे होत आले तेव्हा भिंगरीला पुन्हा ताप आला.

पहिल्या दिवशी कुणाला काही वाटले नाही, डॉक्टरबाईंनी कळवायला सांगितले होते तेही आठवले नाही. दुसऱ्या दिवशी तिचे पोट दुखू लागले, दोनदा उलटी झाली. बाबांनी मला तिच्या बोटाला लावले.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले आणि खुर्चीत सैल बसले. "काही नाही. पोट बिघडलंय."

वरचा आकडा खरा होता. तिचे रक्त लालभडक होते, प्राणवायूने भरलेले. पण ते धावत होते. लांब ओसरीतून एकामागून एक बंद दारे ठोठावत कुणी पळत सुटावे, तसे. खाली मी एकशे अडतीस दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे छप्पन्न. मला ओरडता येत नाही. मी फक्त दाखवू शकतो. बाबा माझ्याकडे बघत होते, माझ्या वरच्या अर्ध्या भागाकडे, आणि खालच्या आकड्याकडे कुणी बघतच नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईने शिलाईचे मशीन थांबवले. भिंगरी तासभर एकाच कुशीवर होती. डोळे लाल, पण चिपडे नाहीत. ओठ फुटून लालबुंद. पोटावर पुरळ. कपाळ तव्यासारखे तापलेले, आणि पावले मात्र गार.

"सकाळपासून ही एकदाही लघवीला उठली नाही," आई म्हणाली.

"अगं, अठ्ठ्याण्णव आहे," बाबा म्हणाले. त्यांनी मला परत लावले. तिची बोटे इतकी गार पडली होती की मला काही सापडेना. मी नुसत्या दोन आडव्या रेघा दाखवल्या. बाबांनी तिचे बोट तळहातात धरून चोळले, फुंकर घातली, पुन्हा लावले. "हे बघ. अठ्ठ्याण्णवच. मागच्या वेळी मी याचं ऐकलं नाही आणि दादा गेला. आता ऐकतोय तर तू..."

"आकडा चांगला आहे," आई म्हणाली, "पोर चांगली नाही. तुम्ही ते यंत्र खाली ठेवा आणि हिच्याकडे बघा. ही माझी मुलगी गप्प पडलीये. ही कधी गप्प पडलीये का?"

बाबांनी बघितले. मला वाटते, तीन दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी तिला उचलले. मी तिच्या बोटालाच राहिलो.

दवाखान्यात डॉक्टरबाई पांढऱ्या पोशाखात होत्या. चेहरा दिसत नव्हता, पण कुणीतरी त्यांच्या छातीवर पेनाने एक हसरे मांजर काढले होते. त्यांनी भिंगरीचे नख दाबले आणि सोडले. पांढरे पडलेले नख परत गुलाबी व्हायची वाट बघत त्या मनात मोजत राहिल्या. फार वेळ लागला. रक्तदाब घेतला. मग विचारले, "महिन्याभरापूर्वी कोरोना झाला होता ना हिला?"

"झाला होता, पण बरी झाली," आई म्हणाली.

"पण डॉक्टर, हिचा आकडा अठ्ठ्याण्णव आहे हो!" बाबांनी भिंगरीचा हात वर धरून मला दाखवले.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले. "अठ्ठ्याण्णव खराच आहे. फुप्फुसं चांगली आहेत तिची. खालचा वाचलात का?"

"खालचा?" बाबा म्हणाले. "तो कशाचा?"



"हृदयाचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बाबांना बरे वाटले असते. "एकशे अठ्ठावन्न. ही पळत नाहीये, जिना चढत नाहीये. पडून आहे. ऐका, कोरोना आता तिच्या अंगात नाही. तो महिन्यापूर्वीच गेला. पण तिचं शरीर अजून लढतंय. समोर कुणी नसताना तलवार फिरवावी तसं. आणि जखमा स्वतःलाच होतायत. हृदयाला सूज आलेली असणार. फार थोड्या मुलांना असं होतं, पण होतं. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक मुलं बरी होतात. अजून एक दिवस घरी थांबला असतात तर मी हे इतक्या शांतपणे सांगितलं नसतं."

अतिदक्षता विभागात एकाच माणसाला परवानगी होती. आई आत राहिली, बाबा फाटकाबाहेर. भिंगरीच्या हृदयाचे चित्र काढले तेव्हा ते दमल्यासारखे आकसत होते. हाताच्या शिरेतून औषधे सुरू झाली. रक्तदाब टिकवणारे एक, सूज उतरवणारे स्टेरॉइड, आणि काचेच्या बाटलीतून थेंब थेंब उतरणारे एक औषध. ते अनोळखी, निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेले होते.

"आधी तुम्ही म्हणाला होतात, स्टेरॉइड नाही," आईने विचारले.

"तेव्हा लागत नव्हतं. आता लागतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध तेच. वेळ चुकली की विष."

तिथे उशाशी मोठमोठी यंत्रे होती. मला काही काम नव्हते. तरी आई मधूनमधून मला भिंगरीच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला लावायची.

"अहो, ते मोठं यंत्र आहे की," सिस्टर म्हणाल्या.

"असू दे. हे घरचं आहे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तापात भिंगरीने डोळे उघडले आणि माझ्या लाल उजेडाकडे बघत विचारले, "आई, काकांच्या खोलीत कुणी बसलं होतं का गं?"

"कुणी नाही, बाळा."

"होतं. शांत होतं. मला म्हणालं, पळू नकोस, बस."

आई एकदम पुढे वाकली, तिचा धक्का लागून मी भिंगरीच्या बोटावरून निसटता निसटता राहिलो. तिने मला घट्ट धरले. "बसू नकोस," आई तिच्या कानाशी म्हणाली. "इथे ये. माझ्याकडे ये." त्या क्षणी मी भिंगरीच्या रक्तात ऐकले ते मला सांगता येत नाही. दारे ठोठावणारी ती पावले अडखळली. एक ठोका चुकला. मोठ्या यंत्राने कर्कश शीळ घातली, सिस्टर धावत आल्या, डॉक्टरबाई आल्या, कुणीतरी बाटलीचा वेग बदलला. आणि मग ती पावले पुन्हा सुरू झाली. पण आता ती पळत नव्हती.

एकशे पन्नास. संध्याकाळी एकशे चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशी दुपारी एकशे अठरा. आईने बाहेर फोन लावला.

"अठ्ठ्याण्णव..." तिने सुरुवात केली.

"खालचा सांग आधी," बाबा म्हणाले.

तिने सांगितला. पलीकडे बाबांनी तो पुटपुटत कागदावर लिहून घेतला.

नवव्या दिवशी भिंगरी घरी आली. हृदय पुरते सावरेपर्यंत पळणे बंद, सायकल बंद, मैदान बंद. सहा महिने ती गुरगुरत बसून राहिली, सगळ्यांवर चिडली, बाबांवर सर्वांत जास्त. पुन्हा काढलेल्या चित्रात हृदय नीट दिसले तेव्हा डॉक्टरबाईंनी पळायची परवानगी दिली.

साथ ओसरली आणि माझे दिवसही ओसरले. मी एका खणात, सुटे स्क्रू आणि जुन्या किल्ल्यांत जाऊन पडलो. बॅटरी पोटातच राहिली, ती पाझरली आणि माझ्या स्प्रिंगला हिरवा गंज चढला. त्या अंधारात मी ऐकलेल्या सगळ्या नाड्या मला एकामागून एक ऐकू येत. त्यात एक बिनबोटाची नाडीही होती.

मग एका सकाळी शेजारची नवी आई धापा टाकत आली. कडेवर सात महिन्यांचे बाळ, अंगात कणकण. "दादा, तुमच्याकडे ते बोटाला लावायचं यंत्र आहे ना? कालपासून ताप आहे हो याला."

बाबांनी खण उपसला, माझा गंज खरवडला, नवी बॅटरी घातली. बाळाचे बोट भुईमुगाच्या शेंगेएवढे. माझ्या तोंडात ते बसेचना. मी चौऱ्याऐंशी दाखवले, मग रेघा, मग एक्याण्णव. ती बाई रडायला लागली.

बाबांनी मला काढले आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकले.

"हे मोठ्या माणसाच्या मापाचं आहे, ताई. याचं ऐकू नका. दूध पितोय का?"

"पितोय."

"शू?"

"आत्ताच केली."

बाबांनी बाळाची पावले हातात घेतली. ती उबदार होती. मग त्यांनी झबले वर केले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून बाळाचे पोट वर-खाली होताना पाहू लागले. ओठ हलत होते. पूर्ण एक मिनिट त्यांनी दुसरीकडे बघितले नाही. "मिनिटाला अडतीस श्वास. या वयाला ठीक आहे. तरी डॉक्टरांना आत्ताच फोन लावू. ते येतील किंवा बोलावतील तोवर मी इथे बसतो."

खिशात पडल्या पडल्या मला त्यांच्या छातीचे ठोके जाणवत होते. मी बंद होतो. ते मोजायचे मला काही कारण नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊ असेल. त्याची बॅटरी काढून ठेवा, त्याचे तोंड मऊ फडक्याने पुसत जा. लागेल तेव्हा जरूर वापरा आणि दोन्ही आकडे वाचा. पण तुमचे धाकटे भावंड तापाने गप्प पडले असेल, तर मोठ्यांना हाक मारा आणि सगळे मिळून आधी त्याच्याकडे बघा. मी खरे बोलत असलो, तरीही.